शेतकरी सारथी : जिम क्लार्क

हजिऱ्याच्या बंदरापाशी ज्याचा आरंभ होतो, तो ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोनगड व नवापूर ओलांडून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर अशी महाराष्ट्राची आडवी यात्रा करतो आणि थेट ओडिशातील पारादीपच्या बंदरास जाऊन मिळतो. या मार्गाच्या तोंडाशी राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस मोटारींचे ज्ञान किती आहे, हे आम्हां शिक्षकांस चांगले ठाऊक आहे. संस्कृत शब्दांची रूपे ज्यास महिनाभर घोकूनही येत नाहीत, तोच विद्यार्थी रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाचा नुसता आवाज ऐकून त्याची जात, कूळ व कारखाना सांगतो. हे ज्ञान आम्ही हीन समजत नाही. म्हणूनच साधुसंत, समाजसुधारक व शास्त्रज्ञ यांच्या चरित्रांच्या पंक्तीत या वर्षी एका मोटारचालकाचे पान मांडावे, असे आम्ही योजिले आहे.

हा चालक म्हणजे स्कॉटलंडचा जिम क्लार्क. जगज्जेतेपद त्याने १९६३ व १९६५ अशा दोन वर्षी मिळविले, आणि चरित्रकोशात त्याचे नाव त्यामुळेच आढळते. परंतु आमच्या वाचकांस त्याचे १९६४ हे वर्ष अधिक जवळचे वाटेल. त्या वर्षी तो जगज्जेता झाला नाही. मात्र तुमच्याआमच्या घरासमोर उभी असावी तशा साध्या, दोन दारांच्या, चार माणसे बसतील अशा मोटारीत बसून त्याने इंग्लंडातील प्रवासी मोटारींच्या शर्यतींचे अजिंक्यपद पटकाविले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, म्हणजे आमच्याहून लहान असता, हा माणूस गेला. त्यास अहोजाहो करण्यास मन घेत नाही. म्हणून पुढे आम्ही त्याचा उल्लेख एकवचनीच करणार आहोत, तो अनादर समजू नये.

जिमचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात किलमेनी येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. चार बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता मुलगा. तो सहा वर्षांचा असताना, १९४२ मध्ये, वडिलांनी दक्षिणेकडे बेरिकशर परगण्यात एडिंग्टन मेन्स नावाची मोठी शेतवाडी घेतली आणि कुटुंब तेथे राहावयास गेले. हा प्रदेश स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सीमेवरचा. एकेकाळी येथे दोन्ही बाजूंच्या टोळ्या एकमेकांची गुरेढोरे पळवून नेत; आपल्याकडील पेंढाऱ्यांची आठवण व्हावी असा तो काळ. जिमच्या काळापर्यंत अर्थात त्या धाडी इतिहासजमा झाल्या होत्या आणि उरल्या होत्या त्या मेंढ्या, कुरणे व दोन्ही बाजूंस दगडी बांध असलेले अरुंद वळणावळणांचे रस्ते. सीमेवर वाढलेल्या माणसाच्या अंगी एक प्रकारचा अबोलपणा येतो, असे आमचे निरीक्षण आहे. आम्ही स्वतः कोंकणी बोलणारे, मराठीत शिकविणारे आणि गुजरातेत राहणारे, तेव्हा या विषयात आम्हांस थोडे बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते. जिमही असाच अबोल व संकोची होता.

मुलाने शिकावे म्हणून वडिलांनी त्यास मसलबरो येथील लोरेटो या नामांकित शाळेत घातले. परंतु आजोबा व चुलते यांचे पाठोपाठ निधन झाल्याने शेतीस हातांची गरज पडली आणि सोळाव्या वर्षी जिमची शाळा सुटली. त्यास त्याचे दुःख झालेले दिसत नाही. मेंढ्यांची निगा, नांगरट, ट्रॅक्टर व बाजार यांत तो रमला. शर्यतींत नाव झाल्यावरही कोणी व्यवसाय विचारला, तर तो स्वतःस शेतकरीच म्हणवीत असे आणि त्यात कोणताही आविर्भाव नसे.

मोटारींचा नाद त्यास लागला तो शेजारच्या तरुण शेतकऱ्यांच्या संगतीत. त्या मंडळींत इयन स्कॉट-वॉटसन नावाचा एक मित्र होता. स्वतः शर्यतीत उतरण्याची हौस असलेला हा गृहस्थ थोड्याच दिवसांत ओळखून चुकला की आपल्याहून आपला मित्र कितीतरी सरस आहे. १९५६ च्या जून महिन्यात, अॅबरडीनशरमधील क्रिमंड येथील जुन्या विमानतळावर, स्कॉट-वॉटसनने आपली डीकेडब्ल्यू गाडी जिमच्या हाती दिली. ही एक साधी जर्मन प्रवासी मोटार, तीन नळकांड्यांच्या लहानशा यंत्राची. घरापासून इतके दूरचे मैदान निवडण्याचे कारण असे की आईवडिलांस पत्ता लागू नये. शर्यतीत जिमचा क्रमांक अखेरचा लागला. पण त्याच गाडीत, त्याच मार्गावर तो गाडीच्या मालकापेक्षा प्रत्येक फेरीत सुमारे तीन सेकंद लवकर येत होता. अडाणी प्रेक्षकाने अखेरचा क्रमांक पाहिला. स्कॉट-वॉटसनने घड्याळ पाहिले. पुढील सारा इतिहास त्या घड्याळातून निघाला असे म्हणावयास हरकत नाही. घरी मात्र बातमी पोहोचलीच. आईवडिलांचा विरोध तेव्हापासून जो सुरू झाला तो कधीच पुरता मावळला नाही. एकुलता मुलगा व भरली शेतवाडी असलेल्या आईबापांनी दुसरे काय करावे?

सीमेवरच्या त्या जुन्या लुटारूंचे नाव धारण केलेल्या बॉर्डर रीव्हर्स या हौशी संघाने १९५८ मध्ये त्याच्या हाती जॅग्वार गाडी दिली आणि त्या एका हंगामात तो अनेक शर्यती जिंकला. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रँड्स हॅच येथे तो लोटस एलिट या गाडीत बसून एका शर्यतीत दुसरा आला. पहिला आला तो कॉलिन चॅपमन, म्हणजे ती गाडी निर्माण करणाऱ्या कारखान्याचा धनी. आपल्याच गाडीत बसून आपल्या टाचेला टाच लावून येणारा हा अनोळखी शेतकरी कोण, हे चॅपमनने ध्यानात ठेवले. यानंतर या दोघांची जी जोडी जमली ती मरणानेच तुटली. चॅपमन बुद्धिमान, धाडसी आणि भारांत काटकसर करणारा यंत्रविशारद होता. गाडी हलकी असली म्हणजे वेगवान होते, या सूत्रावर त्याचा एवढा भर होता की त्याच्या गाड्यांचे सुटे भाग पुष्कळदा ऐन वेळी दगा देत. क्लार्कची दोन अजिंक्यपदे याच दोषापायी हुकली, ते पुढे येईल.

१९६० मध्ये क्लार्क जगज्जेतेपदाच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उतरला. या शब्दाचा अर्थ येथे सांगितला पाहिजे. फॉर्म्युला म्हणजे नियमांचे सूत्र. यंत्राचे आकारमान किती असावे, गाडीचे वजन किती असावे, हे ज्या सूत्राने ठरते त्या सूत्राच्या गाड्या. १९६१ मध्ये नियमकर्त्यांनी यंत्राची मर्यादा अडीच लिटरवरून दीड लिटरवर आणली, ती वेगास लगाम बसावा म्हणून. १९६६ मध्ये तीच तीन लिटरांवर नेली. म्हणजे क्लार्कची सारी कीर्ती मुख्यत्वे दीड लिटरच्या लहान यंत्रावर उभी आहे; आज पुष्कळ घरगुती मोटारींचे यंत्र एवढेच असते!

परंतु वेगास लगाम घातला म्हणून मृत्यूस लगाम बसला नाही. १९६० च्या जून महिन्यात बेल्जियममधील स्पा येथे क्लार्क आपल्या आयुष्यातील दुसरीच मोठी शर्यत धावत होता. सरावातच दोन चालक जबर जखमी झाले होते. प्रत्यक्ष शर्यतीत क्रिस ब्रिस्टो व अॅलन स्टेसी हे दोन तरुण चालक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी स्टेसी हा क्लार्कच्याच संघातला. भरवेगात एक पक्षी त्याच्या तोंडावर येऊन आदळला, एवढेच कारण. क्लार्क पाचवा आला. त्या मार्गाची त्यास जन्मभर धास्ती वाटली आणि तो तिरस्कारही लपवीत नसे. असे असून १९६२ पासून १९६५ पर्यंत ओळीने चार वर्षे त्याच मार्गावर तोच जिंकला. १९६३ ची शर्यत तर मुसळधार पावसात झाली आणि दुसऱ्या क्रमांकाचा चालक त्याच्या मागून जवळजवळ पाच मिनिटांनी आला. भीती व कौशल्य एकाच माणसात एकाच वेळी कशी नांदतात, हे आम्हांस तरी मोठे गूढ वाटते.

१९६१ च्या सप्टेंबरात याहून भयंकर प्रसंग आला. इटलीतील मोंझा येथे दुसऱ्याच फेरीत क्लार्कची गाडी व जर्मनीचा वोल्फगांग फॉन ट्रिप्स याची फेरारी एकमेकींस घासल्या. ट्रिप्सची गाडी कुंपणाकडे उसळली. तो स्वतः व पंधरा प्रेक्षक प्राणास मुकले. क्लार्कच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. पुढे पुष्कळ काळ इटलीतील अधिकाऱ्यांची चौकशी त्याच्या पाठीस लागली होती. त्या दिवसांत शर्यत सोडून शेतीकडे परतावे असा विचार त्याच्या मनात आला होता, आणि तो आला नसता तरच आश्चर्य. तो परतला नाही. हा निर्णय योग्य की अयोग्य, हे ठरविणे आम्ही आमच्याकडे घेत नाही. त्याच्या आईस विचारले असते तर तिचे उत्तर एकच आले असते.

१९६२ मध्ये चॅपमनने लोटस २५ ही गाडी आणली. तोवर शर्यतीच्या गाडीचा सांगाडा नळ्या जोडून करीत. चॅपमनने नळ्या टाकून अॅल्युमिनियमच्या पत्र्याची नावेसारखी पेटी केली आणि तिच्यात चालकास जवळजवळ निजवून बसविले. त्या वर्षीच्या अखेरच्या शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे, क्लार्क पुढे होता. जिंकला असता तर जगज्जेता झाला असता. एक बोल्ट गळून पडला, तेल वाहून गेले आणि विजेतेपद ग्रॅहम हिलकडे गेले. १९६३ मध्ये मात्र त्याने दहांपैकी सात शर्यती जिंकल्या.

येथे गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. त्या काळी नियम असा होता की चालकाच्या दहा शर्यतींपैकी उत्तम अशा सहांचेच गुण धरावयाचे. पहिल्या क्रमांकास ९ गुण. म्हणून सात विजय मिळवूनही क्लार्कच्या खाती ५४ च गुण जमा झाले, कारण ५४ हीच परमावधी होती. पुढल्याच वर्षी या नियमाने कसा चमत्कार केला पाहा. १९६४ च्या अखेरीस ग्रॅहम हिलने एकूण ४१ गुण मिळविले होते व जॉन सर्टीस याने ४०. तरी जगज्जेता झाला सर्टीस! हिलचे जादा गुण वजा होऊन त्याच्या हाती ३९ च उरले. आणि क्लार्क? मेक्सिकोतील त्या अखेरच्या शर्यतीत तो आरंभापासून आघाडीवर होता. शेवटच्या फेऱ्यांत पुन्हा तेल गळाले, यंत्र बंद पडले. सहा महिने उत्तम अभ्यास करून परीक्षेच्या मंडपात शाई सांडावी, तसे हे दोनदा घडले.

पण १९६४ च्या त्याच वर्षी त्याने जे दुसरे काम केले त्याकडे आता वळू. शर्यतीच्या मोटारी दोन कुळींच्या असतात. एक केवळ शर्यतीसाठी घडविलेली. तिला ना दारे, ना छप्पर, ना मागचे आसन. दुसरी, बाजारात कोणासही विकत मिळणारी प्रवासी मोटार, जिला काही सुधारणा करून शर्यतीत उतरवितात. या दुसऱ्या कुळीच्या शर्यतींस पुढे टूरिंग कार हे नाव रूढ झाले. आपल्या देशातही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० मध्ये सुरू झालेल्या मार्गावर व कोइमतूरच्या मार्गावर इंडियन टूरिंग कार्स या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. या कुळीची गंमत अशी की प्रेक्षक ज्या गाडीतून शर्यत पाहावयास येतो तीच, निदान तिची सख्खी बहीण, त्यास मार्गावर धावताना दिसते.

इंग्लंडात अशा शर्यतींची राष्ट्रीय मालिका १९५८ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी जॅक सीअर्स व टॉमी सॉपविथ यांचे गुण समान झाले. नाणे उडवून निकाल लावावा ही सूचना कोणासच रुचली नाही. शेवटी सारख्याच बनावटीच्या दोन रायली गाड्या आणून दोघांची शर्यत लावली, मग गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा लावली, आणि दोन्हींचा वेळ मिळवून सीअर्स दीड सेकंदाच्या आसपास फरकाने जिंकला. न्याय कसा करावा याचा हा नमुना आमच्या क्रीडाविभागाने अवश्य विचारात घ्यावा.

या मालिकेचा दुसरा एक नियम फार शहाणपणाचा होता. यंत्राच्या आकारमानाप्रमाणे गाड्यांचे वर्ग पाडलेले असत. सर्व वर्ग एकाच वेळी धावत, परंतु गुण मिळत ते आपापल्या वर्गातील क्रमांकास. त्यामुळे सात लिटरच्या यंत्राची अजस्र अमेरिकन फोर्ड गॅलक्सी सर्वांच्या पुढे निघून गेली तरी मागे असलेल्या चिमुकल्या मिनी गाडीचे काही बिघडत नसे. ती आपल्या वर्गात पहिली आली की तिला पुरे गुण. १९६१ व १९६२ ची अजिंक्यपदे खरोखरच मिनी गाड्यांतील चालकांनी मिळविली.

आता क्लार्कच्या गाडीविषयी. फोर्ड कंपनीची कॉर्टिना ही इंग्लंडातील मध्यम वर्गाची साधीसुधी गाडी. तिला शर्यतीत चमकवावे म्हणून फोर्डने चॅपमनशी करार केला. चॅपमनने तीत १५५८ घन सेंटिमीटरचे नवे यंत्र बसविले, दारे, बोनेट व मागचे झाकण अॅल्युमिनियमचे केले आणि मागच्या चाकांची जोडणी बदलली. पांढरा रंग व कुशीवर हिरवा पट्टा अशी ती लोटस कॉर्टिना १९६३ च्या जानेवारीत जगापुढे आली. परंतु पुढे आली म्हणजे शर्यतीत उतरली असे नव्हे! नियम असा होता की एका नमुन्याच्या निदान १००० गाड्या तयार झाल्याशिवाय तो नमुना प्रवासी मोटार म्हणून मान्य व्हावयाचा नाही. हेतू उघड आहे. शर्यतीसाठी दोनचार खास गाड्या करून त्यांस कोणी बाजारी गाडीचे सोंग देऊ नये. त्या वर्षाचा सप्टेंबर उजाडला तेव्हा मान्यता मिळाली. चॅपमनची ती चतुराईची जोडणीही पुढे टिकली नाही. तिच्यामुळे मागच्या भागातून तेल गळू लागल्याने १९६५ मध्ये कारखान्यास पुन्हा साध्या पट्ट्यांच्या कमानींकडे वळावे लागले. तेल हे चॅपमनच्या कुंडलीतील वक्री ग्रहच होते.

१९६४ च्या मालिकेत आठ शर्यती होत्या. क्लार्कने आठही शर्यतींत आपला वर्ग जिंकला. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांच्या मनात एक चित्र कायमचे राहिले, आणि छायाचित्रांतूनही ते आज पाहता येते. वळणावर क्लार्कची कॉर्टिना एवढी कलत असे की आतल्या बाजूचे पुढचे चाक जमिनीपासून वीतभर उचललेले, गाडी उरलेल्या तीन चाकांवर धावते आहे आणि आत चालक जणू काही बाजारास निघाल्याप्रमाणे शांत बसला आहे. ज्या दिवशी मोठ्या गाड्यांची शर्यत असे त्याच दिवशी, त्याच मैदानावर, तो पुष्कळदा हीही गाडी हाकीत असे. आज एवढा मोठा चालक एवढ्या साध्या गाडीत त्याच दिवशी उतरणे कल्पनेच्या बाहेरचे झाले आहे. करारांचे कागद त्यास मोकळा सोडणार नाहीत.

त्याच्या हातोटीविषयी त्याचे मिस्त्री एक गोष्ट सांगत, ती ध्यानात धरण्याजोगी आहे. इतर चालकांच्या गाड्यांचे टायर व ब्रेक जेवढ्या काळात झिजून जात, तेवढ्यात क्लार्कचे निम्मेसुद्धा झिजल्यासारखे दिसत नसत. तो गाडीशी झोंबी घेत नसे. ब्रेक हळुवार लावी, सुकाणू हळुवार फिरवी. वेग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतच नसे, तो फक्त घड्याळात उमटे. आणि मार्गाबाहेर? तेथे हाच माणूस नखे कुरतडी. जेवावयास कोठे जावे एवढे ठरवितानाही त्याचा निश्चय होत नसे. एकदा अमेरिकेत प्रवास करताना दोन्ही दिशांस दूरवर मोकळ्या दिसणाऱ्या रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबवून, ओलांडावे की नाही, म्हणून तो शेजारी बसलेल्या जॅकी स्टुअर्टचा सल्ला घेत राहिला अशी त्याच्या मित्रमंडळींत प्रसिद्ध असलेली आठवण आहे. आमच्या महामार्गावर दुचाकी हाकणाऱ्या काही माजी विद्यार्थ्यांचे वर्तन याच्या अगदी उलट असते, एवढे नोंदवून पुढे जातो.

१९६५ हे त्याच्या जीवनाचे शिखर. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे अडीच मैलांच्या मार्गावर २०० फेऱ्या, म्हणजे ५०० मैल धावावयाचे असतात. १९६३ मध्ये तेथे तो दुसरा आला होता. १९६४ मध्ये त्या मार्गावर आरंभीच लागलेल्या आगीत एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक जळून मेले आणि त्यानंतर इंधनाविषयीचे नियम बदलण्यात आले. १९६५ मध्ये या शर्यतीसाठी क्लार्कने मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत सोडून दिली. ३१ मे रोजी २०० पैकी १९० फेऱ्यांत तो आघाडीवर होता. सरासरी वेग ताशी १५० मैलांहून, म्हणजे २४० किलोमीटरांहून, अधिक. यंत्र चालकाच्या मागे असलेली गाडी तेथे प्रथमच जिंकली, आणि त्यानंतर यंत्र पुढे ठेवणाऱ्या कारखानदारांचे दिवस भरले. इंधन भरण्यासाठी त्याने वुड बंधूंची कुशल अमेरिकन टोळी बोलावली होती. सेकंद गाडीतच नव्हे, नळीतही वाचविता येतात, हे चॅपमनने ओळखले होते. त्याच वर्षी सहा मोठ्या शर्यती जिंकून क्लार्क पुन्हा जगज्जेता झाला. इंडियानापोलिस व जगज्जेतेपद एकाच वर्षी मिळविणारा तो एकटाच.

१९६६ मध्ये तीन लिटरचा नियम आला आणि लोटसकडे योग्य यंत्रच नव्हते. ते वर्ष त्याने तग धरण्यात घालविले. १९६७ मध्ये फोर्डच्या पैशाने बनलेले कॉसवर्थ यंत्र आले आणि हॉलंडमध्ये पहिल्याच दिवशी त्याने ते विजयी केले. त्याच वर्षी मोंझास टायर निकामी होऊन तो पुरती एक फेरी मागे पडला. ती फेरी त्याने भरून काढली, सर्वांस गाठले, आघाडी घेतली, आणि शेवटच्या फेरीत इंधन संपत आल्याने तिसरा आला. जाणकार मंडळी त्याच्या पंचवीस विजयांहून या तिसऱ्या क्रमांकाचे वर्णन अधिक करतात.

कीर्तीबरोबर पैसा आला व पैशाबरोबर कर. कर टाळण्यासाठी अखेरच्या काळात त्यास बर्म्युडा व पॅरिस येथे राहावे लागले. शेतवाडी दुसऱ्याच्या देखरेखीखाली गेली आणि मायदेशी तो मोजक्या दिवसांचा पाहुणा झाला. ज्या माणसास मेंढ्यांत बरे वाटे त्यास हे कितपत मानवले असेल, याची आम्हांस शंका आहे. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेत त्याने पंचविसावी शर्यत जिंकून फान्हिओचा चोवीस विजयांचा विक्रम मोडला. त्या हंगामापासून लोटसच्या गाडीचा हिरवा रंग गेला आणि तिच्यावर सिगारेटच्या कारखान्याचे लाल, पांढरे व सोनेरी रंग चढले. हा बदल आम्हांस शोभिवंत वाटत नाही.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे दुय्यम दर्जाची, म्हणजे फॉर्म्युला टूची, शर्यत होती. मार्ग ओला होता. मार्गाचा मोठा भाग दाट वनातून जाई आणि झाडे व मार्ग यांच्यामध्ये कठडा नव्हता. पाचव्या फेरीत, आठव्या स्थानी एकटा धावत असताना, क्लार्कची गाडी एकाएकी बाजूस गेली व झाडांवर आदळली. मागच्या टायरमधील हवा हळूहळू निघून गेली असावी, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. त्याच्या हातून चूक घडली असेल, असे त्याच्या सोबत्यांपैकी कोणीच मानले नाही. आणि त्यामुळेच सर्वांच्या काळजात धस्स झाले. जो कधी चुकत नाही त्याचेही रक्षण होत नसेल, तर कौशल्य हे कवच नव्हे, हे त्यांस त्या दिवशी दिसले. पुढील तीन महिन्यांत माइक स्पेन्स, लुदोविको स्कार्फियोत्ती व जो श्लेसर हे तिघे याच मार्गाने गेले, तेही जवळजवळ प्रत्येक महिन्याच्या त्याच तारखेस.

हजिऱ्यात आपल्यापैकी अनेकांचे वडील डोक्यावर शिरस्त्राण घालून कारखान्यात शिरतात, आणि अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा दारावरच्या फलकावर रोज बदलतो. असा प्रत्येक नियम कोणाच्यातरी रिकाम्या जागेतून आलेला असतो. क्लार्कच्या मित्रांनी, विशेषतः त्याच्याच देशाच्या जॅकी स्टुअर्टने, कठडे, आसनपट्टे, शिरस्त्राणे व जागेवरचे वैद्य यांसाठी हट्ट धरला. तेव्हा कित्येक मार्गमालकांनी व वृत्तपत्रांनी त्यांस भ्याड म्हणून हिणविले. १९६९ मध्ये चालकांच्या आग्रहामुळे स्पाची शर्यत रद्द झाली. १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये आसनपट्टा सक्तीचा झाला. इतक्या उघड गोष्टीस इतकी वर्षे का लागावीत, याचे उत्तर आम्हांस सापडलेले नाही.

ज्या मालिकेत त्याची कॉर्टिना तीन चाकांवर धावली, ती १९८७ पासून ब्रिटिश टूरिंग कार या नावाने चालते. वर्गांचे ते शहाणपण १९९१ मध्ये गेले आणि सर्वांस दोन लिटरचे एकच यंत्र आले. २०२२ मध्ये यंत्राच्या जोडीला विजेची मोटर आली आणि २०२५ मध्ये ती काढूनही टाकली. हॉकेनहाइमचा वनातील मार्ग २००२ मध्ये उखडून तेथे पुन्हा झाडे लाविली आहेत.

क्लार्कचा देह त्याच्या शेतवाडीपासून जवळच, चर्नसाइड गावच्या चर्चच्या आवारात आहे. तेथील शिलेवर त्याचा व्यवसाय प्रथम शेतकरी असा कोरला आहे, जगज्जेतेपदांचा उल्लेख त्याच्या खाली येतो. त्याची पदके व चषक आईवडिलांनी डन्स या लहानशा गावास देऊन टाकले. गावकऱ्यांनी १९६९ मध्ये त्यांसाठी एक खोली मांडली, आणि २०१९ मध्ये त्याच जागी मोठे संग्रहालय उघडले.